धूर, अग्नी आणि अक्काचं काळीज

एखाद्या दुःखाचं कारण आपल्याला ठाऊक आहे अशी खात्री झाली, की ते पुन्हा शोधावं का? न्यायशास्त्राच्या वर्गात अनुमानाचं प्रकरण शिकवताना मी हा प्रश्न मुलांपुढे ठेवत आले. मुलं म्हणायची, बाई, खात्री झाली तर शोधायचं कशाला? शास्त्रकारही आधी हेच म्हणतात आणि मग त्याला एक अट जोडतात. त्या अटीचं मोल मला माझ्या थोरल्या बहिणीच्या आजारपणात कळलं.

अक्का जावळीच्या खोऱ्यात राहते. मृग लागला की तिकडे पाऊस दसऱ्यापर्यंत हटत नाही. उन्हाळ्यात कितीही लाकूडफाटा रचून ठेवा, श्रावण येईतो पडवीतलं जळण दमट होतंच. ओलं लाकूड पेटत नाही, धुमसतं. मग बाई फुंकणी घेऊन चुलीशी वाकते, फुंकर घालते, आणि पुढच्या फुंकरीसाठी श्वास ओढते तो सगळा धुराचा. आमची आई लवकर गेली. अक्का परकर-पोलक्यात होती तेव्हाच तिने चूल हाती घेतली, धाकट्या भावंडांना वाढवलं, आणि लग्न होऊन गेली ती सासरच्या चुलीपुढे बसली. मी वाईला शिकायला गेले, संस्कृत घेतलं, पुढे जन्मभर तेच शिकवलं. तिच्या हाती फुंकणी होती म्हणून माझ्या हाती पुस्तक आलं. आमच्या घरात हे कुणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

वाईला शास्त्रीबुवांनी मला ‘तर्कसंग्रह’ शिकवला. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाचं हे लहानसं पुस्तक म्हणजे न्यायशास्त्राची पहिली पायरी. माझ्याकडे अजून अथल्ये आणि बोडस यांची १८९७ साली मुंबईत निघालेली आवृत्ती आहे; तिची पानं आता हात लावला की तुटतात. त्यातलं अनुमानाचं उदाहरण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तिथे अग्नी आहे असं आपण ठरवतो. कशाच्या बळावर? धूर आणि अग्नी यांची सोबत आपण आधी पुन्हा पुन्हा पाहिलेली असते. कुठे पाहिलेली असते? स्वयंपाकघरात. मिथिलेत, काशीला, नवद्वीपात आणि आमच्या वाईत शेकडो वर्षं विद्वान मंडळी त्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवत आली. तिथे धूर आहे, अग्नी आहे. चुलीपुढे बसलेली बाई नाही.

शास्त्राची खोड काढायची म्हणून मी हे म्हणत नाही. त्या शास्त्रावर माझा जीव आहे. पण धुरावरून अग्नीकडे जाणाऱ्या वाटेत एक माणूस त्या धुरातच बसलेलं होतं आणि त्याच्याकडे वळून पाहायला फार उशीर झाला, हे बोलल्यावाचून मला राहवत नाही. पाहिलं ते एका बाईनेच. डॉ. शिवरामकृष्ण पद्मावती, भारतातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ. १९५९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने दिल्लीतल्या १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसाच्या जुन्या आजारामुळे काळजाची उजवी बाजू थकलेले हे रुग्ण होते. त्यांत जन्मात कधी विडी न ओढलेल्या बायका होत्या. पद्मावतींनी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या धुराकडे लक्ष वेधलं. पुढे पन्नास वर्षांनी, २००९ मध्ये, पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये हिशेब मांडला: जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०० कोटी, तर लाकूड-शेणीचा धूर घेणारे सुमारे ३०० कोटी. भारतात २०१६ साली सीओपीडीचे साडेपाच कोटी रुग्ण होते असा अंदाज आहे. आपण ज्याला सरसकट दमा म्हणतो त्यातला बराचसा हाच आजार. त्यात श्वासनळ्या कायमच्या आकसतात आणि हवेच्या पिशव्या झिजतात.

अक्काला तो आहे हे साताऱ्याला नळीत फुंकायला लावून कळलं होतं. पूर्ण श्वास सोडताना जेवढी हवा बाहेर पडते, तिच्यातली निदान ७० टक्के पहिल्या सेकंदात बाहेर पडायला हवी. तिची तेवढी पडत नव्हती. तेव्हापासून तिच्याकडे पंप आहे, दरवाज्यामागच्या खुंटीला पिशवीत टांगलेला. तुळशीच्या माळेइतकाच तो तिच्या अंगवळणी पडला. पंढरीची पायी वारी सुटली याचं दुःख तिला होतं, पण आजाराशी तिचं भांडण नव्हतं. धाप लागली की ती म्हणायची, “दमा हाय, दमानंच घ्यायचं.”

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तिला आडवं होता येईना. भिंतीला उशा लावून ती रात्र बसून काढायची. पायांवर सूज आली. घरातल्या सगळ्यांनी, शेजाऱ्यांनी, गावातल्या औषधवाल्यानेही एकच सांगितलं, दमा वाढला. पंपाचे झोत वाढले. धाप उतरली नाही. शेवटी तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी छाती तपासली, पायाच्या सुजेत बोट दाबून खड्डा पाहिला आणि म्हणाल्या, “आजी, रक्त तपासू या. काळजावर ताण आहे का ते बघू.”

अक्का म्हणाली, “दमाच हाय न्हवं माझा? ठावं हाय समद्यांस्नी. मग आनि काय शोधताय?”

“दमा आहेच, आजी. पण दमा असलेल्या माणसाला दुसरं काही होत नाही, असं कुठं आहे?”

हे उत्तर ऐकून मी तिथल्या बाकावर नीट सरसावून बसले. वर्गातला माझा प्रश्न इथे माझ्या बहिणीच्या तोंडून आला होता, आणि एक पोरसवदा मुलगी त्याला चोख उत्तर देत होती.

धाप ही गोष्ट फार चमत्कारिक आहे. जिला लागते तिला तिच्याइतकी खात्रीची दुसरी कुठली गोष्ट नसते. पण ती फुप्फुसातून येते की काळजातून, हे त्या खात्रीत नसतं. काळजाची डावी बाजू रक्त पुढे ढकलायला कमी पडली की मागे फुप्फुसात पाणी साठतं आणि धाप लागते; फुप्फुसच झिजलेलं असेल तरी धाप लागते. पायाची सूज डाव्या बाजूच्या दुखण्यानेही येईल आणि फुप्फुसाने थकवलेल्या उजव्या बाजूनेही येईल. बाहेरून कान लावला तर फुगलेली फुप्फुसं काळजाचा आवाज दाबून टाकतात. इतकंच काय, सोनोग्राफीच्या यंत्राने काळीज पाहायला जावं, तर मधल्या फुगलेल्या फुप्फुसातली हवा त्या लहरींना आरपार जाऊ देत नाही आणि चित्र धूसर येतं. ज्याला फुप्फुसाचा आजार आहे त्याचं काळीज जाणण्याच्या बहुतेक वाटा तोच आजार अडवतो.

आणि त्यात शोधणाऱ्याचं मनही आड येतं. नेदरलँड्समध्ये २००५ साली पासष्टी ओलांडलेल्या, सीओपीडीचं निदान असलेल्या ४०५ माणसांना शोधून काळजीपूर्वक तपासलं गेलं. त्यांपैकी ८३ जणांचं हृदय निकामी होत चाललं होतं आणि त्याचा पत्ता कुणालाच नव्हता. ही माणसं घरी होती, बरी म्हणवत होती, डॉक्टरांकडे जात-येत होती. त्यांच्या धापेला आधीच एक नाव मिळालेलं होतं, एवढंच.

म्हणून रक्त. बाहेरच्या वाटा अडल्या तरी काळीज ज्या रक्ताला ढकलतं त्यातच काहीतरी सोडत असतं, हे कळायला १९८१ साल उजाडलं. कॅनडात अडोल्फो दि बोल्ड यांनी उंदराच्या काळजाच्या वरच्या कप्प्याचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तर त्यांच्या लघवीवाटे पाणी आणि मीठ भराभर बाहेर पडू लागलं. काळीज हा नुसता पंप नव्हता. ताण आला की तो उतरवायला शरीराला आज्ञा देणारी ती एक ग्रंथीही होती. १९८८ मध्ये जपानच्या सुदो, कांगावा, मात्सुओ आदींना असाच एक पदार्थ डुकराच्या मेंदूत सापडला, म्हणून त्याच्या नावात मेंदू आला. पुढे कळलं की त्याचं खरं घर काळजाच्या खालच्या कप्प्यांत आहे. याला बीएनपी म्हणतात. कप्प्याची भिंत ताणली गेली की तिथल्या पेशी १०८ दुव्यांची एक साखळी तयार करतात. ती तुटून ३२ दुव्यांचा तुकडा काम करायला जातो आणि वीसेक मिनिटांत अर्धा होतो. उरलेला ७६ दुव्यांचा तुकडा काही काम करत नाही, पण रक्तात जास्त वेळ टिकतो. प्रयोगशाळेत बहुधा मोजतात तो हा दुसरा, एनटी-प्रोबीएनपी.

या निकामी तुकड्यापाशी मी बराच वेळ थांबले. काम करणारा तुकडा काम करून नाहीसा होतो, आणि जो नुसता मागे उरतो तो ओळख पटवतो. न्यायशास्त्रात अशा खुणेला लिंग म्हणतात. दिसणाऱ्या गोष्टीवरून न दिसणाऱ्या गोष्टीकडे नेणारी ती खूण. पण खुणेवरून कुठवर जायचं, याचे नियम फार कडक आहेत, आणि तिथेच अन्नंभट्ट या दवाखान्यात उपयोगी पडतो असं माझं ठाम मत आहे.

धुरावरून अग्नी ठरवता येतो. अग्नीवरून धूर ठरवता येत नाही. का? तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. अग्नीचा प्रदेश धुरापेक्षा मोठा आहे. अग्नीवरून धूर ठरवायचाच असेल, तर मध्ये आणखी एक गोष्ट असावी लागते, ओलं इंधन. शास्त्रात तिला उपाधी म्हणतात. ती लक्षात न घेता केलेलं अनुमान भरकटतं.

आता रक्तातला तो आकडा घ्या. काळीज थकलं की आकडा चढतो. पण आकडा चढला म्हणजे काळीज थकलंच असं नाही. आकड्याचा प्रदेश मोठा आहे. वयाने तो चढतो, मूत्रपिंडं मंदावली की चढतो, नाडी अनियमित झाली की चढतो. फुप्फुसाच्या आजाराने एकट्या उजव्या बाजूवर ताण आला तरी चढतो. उलट लठ्ठ माणसात तो असायला हवा त्याहून कमी दिसतो. म्हणजे चढलेल्या आकड्यावरून थकलेलं काळीज ठरवणं हे अग्नीवरून धूर ठरवण्याच्या जातीचं आहे. पण हीच गोष्ट उलटी करा. अग्नीच नसेल तर धूर नाही, यात खोट नाही. आकडाच चढलेला नसेल, तर धापेचं कारण काळजात नसण्याची खात्री जवळजवळ पुरी होते.

मी हे पुस्तकातून ओढूनताणून आणलेलं नाही. २००२ साली अमेरिका आणि युरोपातल्या सात केंद्रांवर, धाप लागून तातडीच्या विभागात आलेल्या १,५८६ माणसांचं बीएनपी मोजलं गेलं. त्यांतल्या ४१७ जणांना दमा किंवा सीओपीडी होता आणि हृदय निकामी झाल्याचा इतिहास नव्हता. त्यांपैकी ८७ जणांचं हृदय या वेळी निकामी होत असल्याचं निघालं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्यांतले ३२ ओळखले. रक्ताचा आकडा १०० च्या वर ही खूण धरली, तर ८७ पैकी नव्वद टक्क्यांहून जास्त सापडत होते. पण ज्यांचा आकडा १०० च्या वर होता त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांच्याच काळजात दोष होता. आणि ज्यांचा खाली होता, त्यांतल्या शंभरातल्या सुमारे अठ्ठ्याण्णवांच्या काळजात तो नव्हता. गोळ्याचा आणि धुराचा नियम इथे अंकांत उतरला आहे. अंकांचं माझं शिक्षण नाही, तरी हे वाचताना मला शास्त्रीबुवांचा आवाज ऐकू येत होता.

एनटी-प्रोबीएनपीच्या बाबतीत तातडीने आलेल्या रुग्णाचा आकडा ३०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर हृदय निकामी होणं बाजूला ठेवता येतं. वर असेल तर वयाप्रमाणे उंबरे आहेत, पन्नाशीच्या आत ४५०, पंचाहत्तरीपर्यंत ९००, त्यापुढे १,८००. ट्रोपोनिन नावाची दुसरी खूण काळजाच्या पेशी दुखावल्या की रक्तात येते आणि झटका आलेल्या सीओपीडीच्या रुग्णात ती वाढलेली असेल तर पुढचा काळ अवघड असतो, हेही डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. अक्काचं ट्रोपोनिन ठीक होतं. एनटी-प्रोबीएनपी आलं १,२४०. तिने पंचाहत्तरी ओलांडली आहे. म्हणजे ३०० च्या बरंच वर आणि १,८०० च्या खाली. संशयाच्या ऐन मध्यावर.

इथे मला त्या मुलीचा खरा आदर वाटला. आकडा चढला आहे म्हणून तिने काळजाचा आजार जाहीर केला नाही, आणि उंबऱ्याच्या आत आहे म्हणून दम्याची चिठ्ठीही लिहून दिली नाही. ती ओलं इंधन शोधत राहिली. मूत्रपिंडांची तपासणी केली, ती वयाच्या मानाने बरी. नाडीचा आलेख काढला, ताल नियमित. अक्का अंगाने काटकुळी, तेव्हा लठ्ठपणाने आकडा दबण्याचा प्रश्न नाही. रक्तदाब मात्र बराच चढलेला, आणि तो कधीपासून चढलेला होता हे सांगायला कुणी नव्हतं. दम्यासाठी गेलेल्या बाईचा रक्तदाब कोण लिहून ठेवतो? मग साताऱ्याला काळजाची सोनोग्राफी झाली. बरगड्यांमधून चित्र आलं नाही. करणाऱ्याने कंटाळा न करता बरगड्यांच्या खालून, पोटाच्या बाजूने पाहिलं. काळजाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड आणि ताठ झालेली. उजव्या बाजूवरही ताण. दोन्ही होतं.

पाणी उतरवणारी गोळी सुरू झाली, रक्तदाबाची सुरू झाली, आणि डापाग्लिफ्लोझिन. हे मुळात मधुमेहाचं औषध. ते अशा ताठ काळजालाही उपयोगी पडतं, हे गेल्या काही वर्षांतच सिद्ध झालं आहे. धाप गेली नाही. झिजलेली फुप्फुसं काही परत येत नाहीत. पण अक्का आता एका उशीवर आडवी होऊन झोपते.

गोळ्या तिने मुकाट्याने घेतल्या. रक्त द्यायला मात्र ती आधी तयार नव्हती, आणि तिची हरकत सुईला नव्हती. ती म्हणाली होती, “मागल्या जल्माचं हाय ते भोगूनच सरायचं. इट्टलानं जेवढं श्वास मोजून दिल्यात तेवढंच घेनार मी. त्येच्या हिशोबात तुमी कशाला डोकावताय?”

श्रद्धेने बोललेल्या माणसाला मी वरवरचं उत्तर देत नाही, आणि अक्काला तर नाहीच. सप्ताहात तिने ज्ञानेश्वरी कितीदा ऐकली आहे. मी तिला तेराव्या अध्यायाची आठवण दिली. जन्म, मृत्यू, म्हातारपण आणि व्याधी यांतला दोष आधीच पाहणं हे तिथे ज्ञानाचं लक्षण म्हणून सांगितलं आहे, आणि ज्ञानदेवांनी ते केवढ्या विस्ताराने समजावलं आहे. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “त्ये वैराग्यासाठी सांगितलंय, सुमे. सुई टोचून घ्यायसाठी न्हाई.”

तिचं बरोबर आहे. गीतेतलं ते पाहणं देहावरची आसक्ती सुटावी म्हणून आहे, देह दुरुस्त व्हावा म्हणून नाही. धर्मग्रंथातलं सोयीचं वाक्य उचलून प्रयोगशाळेच्या दारावर लावणं मला पटत नाही. आजकाल ते फार होतं.

मग मी तिला कर्माबद्दलच बोलले. नैयायिक कर्म नाकारत नाहीत. ते अदृष्ट, म्हणजे कर्माचं न दिसणारं बळ, मानतात, ईश्वर मानतात, काल मानतात. पण ही सगळी त्यांच्या मते साधारण कारणं आहेत, जगातल्या प्रत्येक कार्यामागे सारखीच असलेली. मडकं झालं तरी अदृष्ट आहे, फुटलं तरी अदृष्ट आहे. म्हणूनच मडकं का झालं असं विचारलं तर शास्त्र कुंभाराकडे आणि मातीकडे बोट दाखवतं, त्या मडक्याच्या असाधारण कारणाकडे. जे सगळ्याचंच कारण आहे ते या एका गोष्टीचा उलगडा करत नाही. अक्काची धाप कर्माने असेल. पण फुप्फुसाची धापही कर्मानेच आणि काळजाची धापही कर्मानेच. तेव्हा कर्म म्हटल्याने शोध थांबत नाही. तो जिथे होता तिथेच राहतो. विठ्ठलाने श्वास मोजून दिले असतील, तर ते कशातून अडताहेत हे पाहणं त्याच्या हिशेबात ढवळाढवळ कशी होईल?

ती म्हणाली, “तू बोलतीस तवा खरं वाटतं.” आणि मग, माझ्याकडे न बघता, “मंग धुराचं कुनी कधी इचारलं न्हाई. तवा समदं कर्मच हुतं.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. आपल्याकडे कर्माचा दाखला कुणाला दिला जातो, कधी दिला जातो, आणि कारखान्यातल्या कामगाराच्या छातीचा फोटो निघत असताना चुलीपुढच्या बाईला दमा म्हणून घरी का पाठवलं जातं, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे असं मी मानते. कारण शोधायचं कुठे थांबवायचं, हे ज्याचं त्याचं दुःख ठरवत नाही. ते दुःख कुणाचं आहे यावर ठरतं.

म्हणून ती अट. चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने नव्यन्यायाचा पाया घातला, आणि त्यात एका लहानशा प्रश्नावर फार बारकाईने विचार झाला: अनुमान मुळात सुरू केव्हा होतं? सोपं उत्तर, संशय असतो तेव्हा. पण तेवढं पुरत नाही. संशय नसतानाही माणूस अनुमान करतो. मग असं ठरलं की साध्याची, म्हणजे जे सिद्ध करायचं त्याची, खात्री आधीच झालेली असेल तर ती खात्री अनुमानाला अडवते. मात्र सिद्ध करून पाहण्याची इच्छा जागी असेल, तर खात्री असूनही अनुमान होतं. खात्रीचा अडसर काढण्याचं बळ शास्त्राने तर्काला दिलं नाही, पुराव्यालाही दिलं नाही. ते दिलं इच्छेला.

वर्गात मी हे लक्षण फोड करून शिकवायची, पदांचा अन्वय लावून. मुलं पाठ करायची. अक्काच्या दवाखान्यात ते मला प्रत्यक्ष घडताना दिसलं. तिच्या धापेबद्दल सगळ्यांनाच खात्री होती, तिला स्वतःला सर्वांहून जास्त. गावात कुणाला संशय नव्हता. पुरावा सगळ्यांपुढे होता, तीच सूज, तीच बसून काढलेली रात्र. फरक एवढाच की एका मुलीला पुन्हा जाणून घ्यावंसं वाटलं. ही इच्छा कुठून येते हे गंगेशाने सांगितलेलं नाही, त्याला त्याची गरज नव्हती. मला वाटतं, आजारी माणसाच्या बाबतीत ती करुणेतूनच येते. ज्याच्या दुःखाशी आपल्याला देणंघेणं नसतं त्याच्या बाबतीत पहिलं उत्तर आपल्याला पुरतं. रक्ताची खूण कितीही सूक्ष्म झाली, तरी ती मागवायला कुणीतरी लागतं, आणि मागवणाऱ्याच्या मनात ‘याला आणखी काही असेल का’ हा प्रश्न उरलेला असावा लागतो. यंत्र तो प्रश्न देत नाही.

पण या इच्छेलाही मर्यादा असायला हवी, आणि ती मला अक्काने दाखवली. गोळ्यांनी बरं वाटल्यावर तिचा मुलगा म्हणाला, दर महिन्याला तो आकडा तपासू, म्हणजे किती उतरलं ते कळेल. शहरातल्या प्रयोगशाळा हल्ली अशा तपासण्यांची पॅकेजं विकतात, त्यातलं एक त्याने फोनवर पाहून ठेवलं होतं. अक्काने साफ नकार दिला. “पाय बघ माजं. सूज न्हाई. रात्री झोपते. ह्ये दिसतंय तर रगत कशाला इचारतोस?”

डॉक्टरीणबाईंनी तिची बाजू घेतली. २०१७ मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, हृदय निकामी असलेल्या ८९४ रुग्णांची. एका गटाचं औषध एनटी-प्रोबीएनपीचा आकडा खाली आणण्याच्या हिशेबाने ठरवलं, दुसऱ्याचं नेहमीच्या पद्धतीने. आकड्यामागे धावून काही जास्त साधलं नाही, आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. निदानाच्या वेळी जी खूण इतकी मोलाची, तीच उपचाराच्या वाटेवर दर महिन्याला विचारायला गेलो तर फारसं सांगत नाही. जे डोळ्यांना दिसतं आहे त्याचंही अनुमान करावंसं वाटणं हा तर्काची गोडी लागलेल्यांचा जुना छंद आहे. जुन्या नैयायिकांनी तो ओळखून ठेवला आहे. छंद म्हणून तो पाठशाळेत चालतो. आजारी बाईच्या दंडावर चालत नाही.

तेव्हा असं ठरलं: रोज सकाळी चहाच्या आधी वजन करायचं आणि नातवाने ते भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहायचं. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं, पाय सुजले किंवा पुन्हा बसून रात्र काढावी लागली, तर लगेच दवाखान्यात यायचं. तेव्हा रक्त घ्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील आणि अक्का नाही म्हणणार नाही. हे कबूल करताना तिने एक अट घातली. तिच्या सुनेलाही हल्ली जिना चढताना धाप लागते. गॅस आला आहे, पण सिलिंडर महिनाभर पुरत नाही आणि पाण्याची चूल अजून लाकडावरच पेटते. सगळे म्हणतात, बाळंतपणापासून अशक्तपणा आहे तिला. अक्काने डॉक्टरीणबाईंना सांगितलं, आधी हिला नळीत फुंकायला लावा, मग माझं बघा. सुनेची तपासणी पुढच्या आठवड्यात साताऱ्याला आहे.